न झाडलेली गच्ची

आमच्या गच्चीवर सॅम्पलर बसला त्याच सकाळी शेजारच्या चाची ज्वारीचा डबा कडेवर घेऊन जिना चढून वर आल्या. मशीनची घरघर त्यांनी खालून ऐकली होती. "चक्की बिठाए ना तुम लोगां? जरा बारीक पीस के देव," त्या आईला म्हणाल्या. आईला हैदराबादची ही दख्खनी बोली छान यायची, पण हे यंत्र नेमकं काय करतं हे तिला तरी कुठं माहीत होतं? तिनं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, ही चक्की नाही, ही हवा ओढते आणि हवेत किती धूळ आहे ते मोजायला मदत करते. चाचींनी डबा खाली ठेवला, कठड्यावरून वाकून चौकातल्या बसच्या धुराकडे बघितलं आणि म्हणाल्या, "उसको मापने की क्या जरूरत? दिखताच है."

मी तेव्हा एम.टेक. करत होते, विषय हवेचं प्रदूषण. चाचींचा प्रश्न चुकीचा नव्हता. पण दिसतं म्हणून कुणी काही करत नाही, मोजलं की निदान नाकारता तरी येत नाही, हे मला तेव्हा शब्दांत सांगता आलं नाही. मी नुसतीच चिडले आणि यंत्रातला कागद बदलायला लागले.

नव्वदीचं दशक होतं. शहराला कॉम्प्युटरचं वेड लागलं होतं. आमच्या गल्लीत, सुलतान बाजारच्या मागे, कापडाच्या दुकानांवरच्या माळ्यांमध्ये एकामागून एक क्लास निघाले होते. रस्त्यावर नव्या मोटारी, नव्या स्कूटर, आणि त्यांच्यामध्ये काळा धूर सोडत जाणाऱ्या जुन्या रिक्षा. माझ्याबरोबर सिव्हिल इंजिनिअर झालेली सगळी मुलं कोडिंग शिकायला पळाली. माझी मावशी शहराच्या टोकाला, कुकटपल्लीत राहायची, तिचा मुलगाही त्यातच होता. ती दर भेटीत म्हणायची, "हवा शिकून काय करणारेस गं? हवेवर कुणाचं पोट भरलंय का?" मी म्हणायचे, "मावशी, हवेवाचून कुणाचं भरलंय?" मग आई मला स्वयंपाकघरातून हाक मारायची. ती हाक मला गप्प करायला असते हे मलाही ठाऊक असायचं, मावशीलाही.

डिपार्टमेंटमध्ये वेगळंच नाटक. हवा मोजायची तर चोवीस तास मोजावी लागते. सॅम्पलरमध्ये एक पांढरा कागद बसवायचा, यंत्र त्यातून हवा ओढतं, धूळ कागदावर बसते. आधी आणि नंतर कागदाचं वजन करायचं, फरक म्हणजे धूळ. कागद सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला बदलायचा. रात्री दहाला मुलगी रस्त्यावर कशी जाणार, म्हणून माझ्या सरांनी मला लायब्ररीतला विषय सुचवला होता. हवेचे कायदे, नियम, सरकारी धोरण, यांचा अभ्यास. सर तेलुगू, स्वभावानं चांगले आणि मुलींच्या बाबतीत भित्रे. मी म्हणाले, "सर, दुसऱ्यानं मोजलेल्या हवेवर मी धोरण लिहिणार नाही." सर म्हणाले, "मग मोजणार कुठं?" मी म्हणाले, "माझ्या घरी. आमच्या गच्चीवरून पूर्ण चौक दिसतो. स्वतःच्या गच्चीवर जायला रात्री कुणाची भीती?"

यावर त्यांना नाही म्हणता येईना. पण अट घातली. सॅम्पलर मिळणार तो फक्त हिवाळाभर. हिवाळ्यात थंड हवा खाली बसून राहते, धूर वर जात नाही, म्हणून खरं चित्र तेव्हाच दिसतं. थंडी संपली की यंत्र दुसऱ्या विद्यार्थ्याकडे. तोवर धड आकडे हाती आले नाहीत, तर मुकाट्यानं लायब्ररीत बसायचं. मी हो म्हणाले. लायब्ररीत बसायला माझी ना नव्हती, माझे वडील तर अफझलगंजच्या ग्रंथालयात अटेंडरच होते. पण मुलगी म्हणून बसवलेलं मला चालणार नव्हतं.

आता आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही मराठवाड्यातून आलेलो बौद्ध. आजीच्या वाट्याला गाव झाडण्याचं काम होतं. गावानं आपली घाण तिच्याकडून काढून घेतली आणि वर तिलाच घाण म्हटलं. आई लहानपणी तिच्या मागं टोपली घेऊन फिरली होती. लग्न होऊन हैदराबादला आली तेव्हापासून तिनं एकच केलं, स्वतःचं घर असं ठेवलं की कुणाची बोट ठेवायची हिंमत होऊ नये. पहाटे गच्ची झाडायची, मग पाणी शिंपडायची, मग जिना, मग उंबरा. संध्याकाळी पुन्हा. पाहुणे येणार म्हटलं की तिसऱ्यांदा. वडील म्हणायचे, "हिच्या घरात धूळसुद्धा परवानगी काढून येते." आई हसायची, पण झाडू खाली ठेवायची नाही.

अशा बाईच्या गच्चीवर मी धूळ मोजायला बसले होते.

पहिले काही आठवडे सगळं सुरळीत वाटलं. सकाळी कागद बसवून मी कॉलेजला जायची, दुपारी धावत येऊन बदलायची, परत जायची, रात्री पुन्हा बदलायची. वजनं सरांकडे नेली. सरांनी आकडे वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला.

"तुझ्या घराखाली बाजार आहे ना?"

"हो सर."

"तो दिवसा भरतो की रात्री?"

मला कळेना. त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवले. रात्रीची हवा धुळीची, आणि दिवसाची, बसा-रिक्षांची, सुलतान बाजारच्या गर्दीतली हवा चक्क निर्मळ. "दिवसा तुमच्याकडे महाबळेश्वर असतं वाटतं," सर म्हणाले. त्यांनी महाबळेश्वरच म्हटलं नसेल, तेलुगू माणूस, एखाद्या दुसऱ्या थंड गावाचं नाव घेतलं असेल. पण माझ्या कानाला ते तसंच आठवतं. पुढचं मात्र शब्दशः आठवतं. "हे आकडे मी घेणार नाही. तू दिवसा यंत्र बंद ठेवतेस का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. यंत्र बंद ठेवते म्हणजे मी खोटी. पण आकडे तर समोर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला जाते म्हणून निघाले, चौकात तास-दोन तास काढले आणि परत फिरून हळूच गच्चीवर आले.

सॅम्पलरला छोटं उतरतं छप्पर असतं, त्याच्या कडेच्या फटीतून हवा आत जाते. त्या फटीवर चारही बाजूंनी एक मऊ, धुवट लुगड्याचा पट्टा ताणून बांधला होता. गाठी अशा व्यवस्थित की जणू आजारी माणसाला पट्टी बांधावी. आई शेजारी बसून यंत्राचे पाय ओल्या फडक्यानं पुसत होती.

मी किंचाळलेच. "आई! हे काय केलंस?"

"कामून बोंबलायलीस?" ती शांतपणे म्हणाली. "कॉलेजची वस्तू हाय. किती धूळ उडती इथं, आत जाईल की समदी. म्हून तू गेली की बांधते, तू यायच्या आधी सोडून धुते. परत देताना साहेबांनी म्हनू नये, यांच्या घरी गेलं अन् खराब झालं."

"अगं, ते धूळ खायलाच बसवलंय!"

"धूळ खायला?" तिनं फडकं खाली ठेवलं. "एवढं मोठं मशीन, अन् धूळ खायला?"

मला हसावं की रडावं कळेना, आणि खरं सांगते, मी रडले. हिवाळ्याचा केवढा तरी भाग त्या लुगड्यात गेला होता. आईनं गाठी सोडल्या. पट्टा उलटा केला. आतल्या बाजूला फटीच्या मापाची काळी रेघ उमटली होती. आई त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. बोट काळं झालं.

"आत्ताच तर बांधलं होतं," ती म्हणाली. मग बोट माझ्यापुढं धरून, "हे समदं आपून आत घेतो?"

"हो."

"रोज?"

"रोज."

वडील खाली खोकत होते, पुस्तकांच्या धुळीनं होतो असं आम्ही समजत असू तो खोकला. आई ऐकत राहिली.

सरांना मी जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं हसतील. ते हसले, पण मग लगेच त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे गच्ची झाडतात?" मी म्हणाले, दोनदा. त्यांनी कपाळावर हात मारला. झाडलं की धूळ उडून कागदावर बसते, पाणी शिंपडलं की दबते. दोन्हीकडून आकडा खोटा. "जुनं सगळं फेकून दे," ते म्हणाले. "थोडी थंडी उरलीय. नव्यानं सुरू कर. पण गच्चीला झाडू लागता कामा नये. ते जमणार नसेल तर आत्ताच सांग, लायब्ररीत खुर्ची रिकामी आहे."

यंत्र, वजनकाटा, रात्रीचे फेरे, हे सगळं जमलं असतं. आईला झाडू नको म्हणून सांगणं हे मला डोंगराएवढं वाटलं. घरी जाताना मी मुद्दाम पायी गेले, लांबचा रस्ता घेतला. काय बोलायचं ते ठरवत गेले आणि घरात शिरल्यावर सगळं विसरले. सरळच सांगितलं.

आई भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"किती दिस?"

"थंडी संपेपर्यंत."

"लोक येतेत घरी. तुझी मावशी येती."

"हो."

तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "माह्या मायनं लोकांचं गाव झाडलं," ती म्हणाली. "मी फकस्त माझं घर झाडते. त्यात मला कुणी बोलू शकत नाही. तेवढंच हाय बघ माझ्याकडं."

मला वाटलं, आता बोललेलं मागं घेऊन हिला सांगावं की राहू दे, मी लायब्ररीत बसते. शब्द तोंडाशी आले होते. पण तिनंच विचारलं, "न झाडता तू पास होशील का?"

"न झाडलं तरच होईन."

भाकरी उतरवून ती उठली, गच्चीचा झाडू आणला आणि माळ्यावर फेकला. ठेवला नाही, फेकला. म्हणाली, "माझ्या झाडण्यानं तुझं एकदा वाटोळं झालं असतं. आता तू पास झाल्याबिगर मी वरच्या गच्चीला हात लावत नाही. थंडी-बिंडी काई नाही. पास म्हंजे पास."

मी म्हणाले, एवढं नको, यंत्र गेलं की झाड. पण आईला एकदा बोललेलं परत गिळायची सवय नव्हती. माझा हट्टीपणा कुणाकडून आला हे वेगळं सांगायला नको.

नव्यानं सुरुवात झाली. दिवसाचे कागद काळे पडायला लागले. एवढा काळा कागद बघून आनंदानं उडी मारणारी मुलगी हैदराबादेत मी एकटीच असेन. थंडीत पहाटे कागद बदलताना बोटं वाकडी व्हायची, सर्दीनं मी बेजार असायची, पण कागदाची एक पाळी चुकवली नाही. लाइट गेली की ती पाळी बाद. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आई कधी वर यायची ती उंबऱ्याशी उभी राहायची. तिची नजर कोपऱ्यांत साचत चाललेल्या धुळीवरून सरकायची आणि ती लगबगीनं खाली जाऊन आधीच लख्ख असलेला जिना पुन्हा पुसायची.

मावशी आली ती संक्रांतीच्या सुमारास. थंडीत उन्हात बसायचं म्हणून सरळ वर गेली आणि तशीच खाली आली. एका स्थळाबद्दल बोलायला आली होती, औषध कंपनीतला मुलगा. "ताई, उद्या ती माणसं बघायला येतील," ती म्हणाली. "अन् वर काय उकिरडा करून ठेवलाय! शिकलेल्या पोरीच्या घरात इतकी धूळ? लोक काय म्हनतील, गावाकडचं गेलं नाही यांचं?"

मी तोंड उघडलं, आईनं हात वर करून मला थांबवलं. तिचा चेहरा लाल झाला होता. मी तिला कधी एवढं अपमानित बघितलं नव्हतं.

"ती धूळ माझ्या पोरीच्या कॉलेजची हाय," ती म्हणाली. "झाडता येत नाही."

मावशी चहा न पिताच गेली. त्या वर्षी आमच्या गच्चीवर पापड-कुरडया काहीच वाळलं नाही. आईनं त्याच मावशीकडे, कुकटपल्लीला जाऊन वाळवण घातलं, तिथल्या कारखान्यांच्या शेजारी. मी म्हणाले, तिथली धूळ कमी आहे असं वाटतं का तुला? ती म्हणाली, "तिथली मोजलेली नाही नं, म्हून खाता येती."

थंडी गेली, सॅम्पलर गेला. प्रबंध लिहून झाला. बाजारातल्या हवेबद्दल जे मोजलं ते, आणि त्यावर काय करायला हवं ते, दोन्ही मी लिहिलं. गच्ची तशीच होती. अवकाळी पाऊसही त्या वर्षी फिरकला नाही.

तोंडी परीक्षा भर उन्हाळ्यात झाली. परीक्षक नागपूरकडचे होते, मराठी, वयस्क, तोंडानं फटकळ. त्यांनी आकडे बारकाईनं बघितले, यंत्राबद्दल विचारलं, वाऱ्याबद्दल विचारलं. मग एका पानावर थांबले.

"इथं लिहिलंय, मोजणीच्या काळात गच्ची झाडली नाही."

"हो सर."

"मराठी घरात?"

"हो सर."

"माझ्या आईला कुणी म्हटलं असतं ना, हिवाळाभर झाडू नको, तर तिनं मला प्रबंधासकट बाहेर काढलं असतं." ते खुर्चीत मागे रेलले. "लिहायला काय जातं? तुमचे दिवसाचे सगळे आकडे या एका वाक्यावर उभे आहेत. ते खोटं असेल तर प्रबंधात काही उरत नाही. मी यावर सही का करू?"

सर खाली बघत होते. यंत्र बंद ठेवतेस का म्हणून एकदा ऐकलं होतं, आता पुन्हा. "बघायला चला," मी म्हणाले. आवाज चढला होता. "आमची गच्ची अजून झाडलेली नाही."

परीक्षकांनी घड्याळ बघितलं. त्यांची संध्याकाळची रेल्वे होती, आमचं घर स्टेशनच्या वाटेवरच. "चला," ते म्हणाले.

डिपार्टमेंटच्या गाडीत आम्ही बसलो तेव्हा तिथले क्लार्क खिडकीशी आले आणि माझ्याकडे बघून प्रेमानं म्हणाले, "फिकर नक्को करो. तुम्हारे घर के नीचे के एसटीडी बूथ को मैं फोन कर दिया. बोला, बडे साहब लोगां आ रहे."

पाहुणे येणार म्हटलं की आई तिसऱ्यांदा झाडायची. साहेब लोक घरी येणार, आणि मावशीनं उकिरडा म्हटलेली गच्ची बघायला येणार, हे आईला कळलं होतं. सगळा रस्ता मी एकच गोष्ट मनात म्हणत होते, आई, नको. सुलतान बाजारच्या गर्दीत गाडी अडकली. मला उतरून पळत सुटावंसं वाटलं.

घराशी आलो तर गल्लीत आमच्या दारापुढं सडा घातलेला. उंबरा ओला. जिना ओला, पायरी न् पायरी, वरपर्यंत. परीक्षकांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत सरळ लिहिलं होतं की बघा, मी म्हणत नव्हतो?

गच्चीच्या दारात आई उभी होती. इस्त्रीचं पातळ, डोक्यावर पदर, आणि हातात तो माळ्यावरचा झाडू.

तिच्या मागे गच्ची होती. कोपऱ्यांत बोटभर धूळ. मध्ये सॅम्पलरच्या चार पायांचे चार फिकट चौकोन. त्यांच्याभोवती माझ्या येण्याजाण्याची पाऊलवाट आणि बाकी सगळीकडे कबुतरांच्या पायांची नक्षी. शेवटची ओली पायरी उंबऱ्याशी संपत होती. त्याच्या पलीकडे पाण्याचा एक थेंब नव्हता.

आईनं मान खाली घातली. "साहेब, आमचं घर असं नसतं," ती म्हणाली. "येनार कळलं तवा झाडू काढला. दोनदा काढला. पर ही पोरगी पास झाल्याचं कुणी सांगितलं नव्हतं."

परीक्षक उंबऱ्यावरच थांबले. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. बराच वेळ ते त्या चार चौकोनांकडे बघत राहिले, मग वाकून धुळीला बोट लावलं आणि रुमालानं पुसलं. "सही कुठं करायचीय ते काढा," ते सरांना म्हणाले. जिन्याचा कठडाही ओला होता, म्हणून सरांनी फाइल कठड्यावर न ठेवता आपल्या हातावर धरली, आणि तिथंच, जिन्यात उभ्या उभ्या, सही झाली.

आईला अक्षरं वाचता यायची, पण इंग्रजी नाही. तिनं माझ्याकडे बघितलं.

"झालीस का?"

"झाले."

"साहेब, जरा सरका," आई म्हणाली, पदर खोचला, आणि गच्ची झाडायला लागली. धुळीचा लोट उठला, परीक्षकांना ठसका लागला, सर तोंडाला रुमाल लावून खाली पळाले, चाची पलीकडून ओरडल्या. आईनं मागं वळून बघितलं नाही.